बूगी, माउथ ऑर्गन आणि पुणतांब्याचे चितळकर

गिटार आणि माउथ ऑर्गन यांचा मेळ जमवून सिनसिनाटीच्या किंग कंपनीसाठी डेलमोर बंधूंनी १९४६ साली ‘फ्रेट ट्रेन बूगी’ ही तबकडी काढली, आणि त्याच्या पुढच्याच वर्षी मुंबईत, फिल्मिस्तानच्या ‘शहनाई’ या बोलपटातील ‘आना मेरी जान’ या गाण्यात, गोदावरीच्या काठी पुणतांब्यास जन्मलेल्या रामचंद्र नरहर चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, ऑल्टो सॅक्सोफोन, गिटार आणि हार्मोनिका यांना एकत्र बसवून वर शिट्टीचीही जोड दिली. एकाने दुसऱ्याचे उचलले असे मी मुळीच सुचवीत नाही. चितळकरांचा पाश्चात्त्य संगीताशी घरोबा झाला तो निराळ्याच वाटेने, आणि ती वाट पुढे यथावकाश येईलच. परंतु वाद्य एक, दशक एक, आणि लयीचे कुळही बव्हंशी एकच असताना, तिकडे या वाद्याने गाण्याची सारी गती आपल्या अंगावर घेतली आणि इकडे ते स्वरांच्या काठापदरापुरतेच उरले, असे का व्हावे, हा प्रश्न कोणाही रसिकास पडण्याजोगा आहे. नाशिककरास तर तो अंमळ अधिकच पडावा, कारण पुणतांबे हे आमच्या जिल्ह्याच्या वेशीपलीकडचेच गाव, आणि मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत ज्या छावणीत गोऱ्या शिपायांचे तांडे महिनोन् महिने तळ देऊन बसत, ती देवळाली तर आमच्या उंबऱ्यातच आहे.

प्रथम या बूगीची कुळकथा सांगणे प्राप्त आहे. बूगी-वूगी ही मूळची पियानोची चाल. अमेरिकेच्या दक्षिण भागात, विशेषेकरून टेक्सास आणि लुइझियाना या राज्यांतील जंगलतोडीच्या वसाहतींत आणि लोहमार्ग टाकणाऱ्या मजुरांच्या मुक्कामांवर, जिथे गुत्त्याच्या कोपऱ्यात एखादा सूर उतरलेला पियानो उभा असे, तिथे कृष्णवर्णीय वादकांनी ती घडवली. डाव्या हाताने एका मापात आठ आघातांचा फेरा अखंड फिरवीत राहावयाचे आणि उजव्या हाताने त्यावर मन मानेल तसे खेळावयाचे, एवढाच तिचा कायदा. पण तो कायदा मोडण्याची मुभा कोणासही नाही. बारा मापांचे एक आवर्तन होते. त्यातील पहिली चार षड्जाच्या स्वरसंघात, पुढची दोन मध्यमाच्या, मग दोन पुन्हा षड्जाच्या, नववे पंचमाचे, दहावे मध्यमाचे आणि शेवटची दोन घरी परतण्याची, अशी ही वाटणी ठरलेली असते. तालाच्या आवर्तनाची सवय असलेल्या आपल्या श्रोत्यास ही रचना समजावून सांगावी लागत नाही. शहाण्णव आघातांनंतर सम येणार हे त्याच्या कानास आपोआप उमगते, आणि पाचव्या मापावर मध्यमाचा स्वरसंघ लागला की तो कालासारखा जाणवतो.

मीड लक्स ल्यूइसने १९२७ साली आगगाडीच्या नादावर रचलेली आपली ‘हाँकी टाँक ट्रेन ब्लूज’ मुद्रित केली आणि पाइनटॉप स्मिथने १९२८ च्या अखेरीस ‘बूगी-वूगी’ हे नाव तबकडीवर कायम केले. तरीही हा प्रकार दहा वर्षे गुत्त्यांत आणि भाड्याच्या खोल्यांतच नांदत होता. १९३८ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या कार्नेगी सभागृहात जॉन हॅमंड यांनी कृष्णवर्णीयांच्या संगीताचा जो प्रख्यात जलसा भरवला, त्यात अ‍ॅल्बर्ट अ‍ॅमन्स, मीड लक्स ल्यूइस आणि पीट जॉन्सन असे तिघे पियानोवादक एकत्र आले व बूगीस एकदम प्रतिष्ठितांच्या दिवाणखान्यात प्रवेश मिळाला. त्याच जलशात नॉर्थ कॅरोलिनाकडचा सॉनी टेरी नावाचा दृष्टिहीन वादक माउथ ऑर्गन घेऊन रंगमंचावर आला होता, ही गोष्ट इतिहासकार सहसा वेगळ्या प्रकरणात घालतात. मला मात्र ती याच प्रकरणातली वाटते.

गोऱ्या खेडुतांच्या संगीतात बूगीचा शिरकाव होण्यास मग वेळ लागला नाही. जॉनी बारफील्डची १९३९ ची तबकडी ही त्या दिशेची पहिली नोंद मानतात. १९४५ साली आर्थर स्मिथने ‘गिटार बूगी’ वाजवून पियानोच्या डाव्या हाताचे काम गिटारीच्या खर्जाच्या तारा चोख बजावू शकतात हे सिद्ध केले. आणि १९५० साली टेनेसी अर्नी फोर्डची ‘शॉटगन बूगी’ गाजली तोवर ज्याच्या त्याच्या तबकडीवर ‘बूगी’ हा शब्द छापण्याची साथच आली होती. या साथीतील बराचसा माल सुमार होता. त्याचा हिशेब मांडण्यात येथे हशील नाही.

हशील आहे ते माउथ ऑर्गनच्या अंतर्रचनेत शिरण्यात, कारण साऱ्या प्रश्नाची किल्ली तिथेच आहे. जर्मनीत ट्रॉसिंगेन या गावी मथियास होनर नावाच्या घड्याळजीने १८५७ साली हा धंदा सुरू केला आणि पहिल्या वर्षी ६५० नग बनवले. त्याच्या कारखान्याचा ‘मरीन बँड’ हा दहा घरांचा नमुना १८९६ साली निघाला व तोच पुढे अमेरिकेच्या दक्षिणेत घरोघर पोहोचला. प्रत्येक घरात दोन पितळी पत्त्या, ज्यांना आपले पेटीवाले रीड म्हणतात, बसवलेल्या असतात: एक फुंकल्याने बोलणारी आणि एक ओढल्याने बोलणारी, एकूण घरे दहा, पत्त्या वीस. जर्मन कारागिराच्या मनात हेतू असा की फुंकले असता सरळ साधा षड्जाचा स्वरसंघ निघावा आणि त्यावर सुट्टीच्या दिवशी गावकऱ्यांनी लोकगीते वाजवावीत. वाद्य ज्या सुराचे असेल तो सूर षड्ज मानून वाजवणे ही झाली सरळ चाल. अमेरिकेतील कृष्णवर्णीय वादकांनी कारागिराचा हा हुकूम बाजूस सारला आणि वाद्य उलटे वापरले, म्हणजे फुंकण्याऐवजी ओढण्यावर भर दिला. सी सुराचे वाद्य घेऊन ते जी सुरात वाजवावयाचे, यास तिकडे ‘क्रॉस’ चाल म्हणतात.

ही चाल आपल्या सरगमीत मांडून पाहावी. दुसरे घर ओढले की षड्ज. तिसरे ओढले की शुद्ध गंधार. चौथे ओढले की पंचम. पाचवे ओढले की कोमल निषाद. म्हणजे श्वास आत घेण्याच्या एकाच क्रियेत षड्जाचा अख्खा स्वरसंघ कोमल निषादासह हाती येतो, आणि श्वास सोडला की मध्यमाचा स्वरसंघ वाजतो. बूगीच्या आवर्तनात सर्वाधिक वेळ ज्या दोन स्वरसंघांची गरज, ते दोन्ही श्वासोच्छ्वासाच्या दोन टोकांना बांधलेले! पण खरी गंमत पुढेच आहे. तिसरे घर ओढताना जीभ मागे घेऊन तोंडातील पोकळी वादकाने बदलली, की त्याच घरातील फुंकीची पत्तीही हलू लागते, आणि दोन्ही पत्त्यांच्या झटापटीत शुद्ध गंधार खाली घसरून कोमल गंधार, त्याहून खाली ऋषभ, आणि हात बसलेला असेल तर कोमल ऋषभापर्यंत उतरतो. चौथ्या घराचा पंचम असाच तीव्र मध्यमापर्यंत उतरवता येतो. आपल्या भाषेत ही मींड होय, तीही दोन ठरीव स्वरांच्या मधली प्रत्येक श्रुती चाटून जाणारी. ट्रॉसिंगेनच्या कारागिराने ती योजलेली नव्हती. वादकांनी ती पत्त्यांच्या भांडणातून काढून घेतली.

हार्मोनियम ही या वाद्याची सख्खी बहीण. मोकळ्या पत्तीचे तत्त्व दोहोंत एकच, आणि मराठी रंगभूमीवर गोविंदराव टेंब्यांच्या बोटांनी त्या पेटीस जे वैभव आणून दिले ते आपण जाणतोच. तरी पेटीवर मींड निघत नाही, हे दूषण तिच्या माथी कायमचे बसले. आणि आकाशवाणीने १९४० साली तिला आपल्या दारात येण्यास बंदी केली, ती १९७१ नंतरच सैल झाली. धाकट्या बहिणीस, जिला खेळण्याच्या दुकानात विकत, ती मींड साधली होती आणि थोरलीस, जिच्या नावाने मैफिली भरत, ती साधली नाही, हा या कुटुंबातला मोठाच विपर्यास म्हटला पाहिजे. आणखी एक गोष्ट आपल्या श्रोत्याच्या लक्षात आणून द्यावीशी वाटते. बासरी असो वा सनई, वादक श्वास घेतो तेव्हा वाद्य गप्प होते, किंवा गालात हवा साठवून ते गप्प होणार नाही अशी युक्ती त्यास करावी लागते. माउथ ऑर्गन मात्र श्वास घेतानाही वाजतो, आणि बूगीत तर तो श्वास घेतानाच अधिक वाजतो. म्हणून त्यास थांबण्याचे कारण पडत नाही. आठ आघातांचा फेरा न तुटता चालवावयाचा तर याहून सोयीचे वाद्य खिशात मावणाऱ्या आकारात दुसरे सापडणे कठीण.

या न तुटणाऱ्या श्वासाचा पहिला मोठा कलावंत डीफोर्ड बेली. टेनेसी राज्यातील स्मिथ परगण्यात १८९९ साली त्याचा जन्म झाला. लहानपणी पोलिओ झाल्याने त्याची वाढ खुंटली व उंची पाच फुटांच्याही आतच राहिली. शाळेच्या वाटेवर लोहमार्गाचा पूल लागे, त्याखाली उभा राहून तो गाडीचा नाद कानात साठवी, आणि घरी येऊन माउथ ऑर्गनवर तो उतरवी. पॅन अमेरिकन नावाची एक जलद गाडी त्या भागातून धावत असे. तिच्यावरची त्याची ‘पॅन अमेरिकन ब्लूज’ १९२७ साली तबकडीवर आली आणि त्याच वर्षी नॅशव्हिलच्या नभोवाणीवरील ज्या कार्यक्रमास ‘ग्रँड ओल ऑप्री’ हे नाव मिळाले, त्या नामकरणाच्या प्रसंगाशीही या रचनेचा संबंध जोडला जातो. गाडी फलाटावरून हलताना दोन स्वरसंघांची ओढ-सोड संथ असते, मग ती हळूहळू जवळ येत जाते, मधूनच शिट्टी निघते ती ओढलेल्या दोन घरांचे सूर वाकवून, आणि शिट्टी चालू असतानाही चाकांचा ठोका सुटलेला नाही असा भास होतो. इगतपुरीस विजेचे इंजिन काढून वाफेचे जोडले जाई, त्या काळी ज्यांनी नाशिक रोडकडे येणाऱ्या गाडीची ती पहिली जड पावले ऐकली असतील, त्यांना बेलीने नेमके काय साधले ते तबकडी न ऐकताही कळेल. ऑप्रीच्या त्या गोऱ्या ताफ्यात तो एकटा कृष्णवर्णीय तारा होता. दौऱ्यांत अनेक खाणावळी व वसतिगृहे त्यास बंद असत. १९४१ साली गीतांच्या परवान्यांवरून नभोवाणी कंपन्यांचा जो तंटा झाला, त्या धामधुमीत त्याची नोकरी गेली आणि पुढे नॅशव्हिलात बूटपॉलिशचे दुकान चालवून त्याने दिवस काढले. १९८२ साली तो वारला. कंट्री संगीताच्या सन्मान-दालनात त्याचे नाव रुजू झाले ते २००५ साली. या दिरंगाईवर भाष्य करण्याची गरज नाही.

बेलीबरोबर दौरे करणाऱ्यांत अलाबामाच्या एल्कमाँट गावचे आल्टन आणि रेबन डेलमोर हे दोघे भाऊ होते. कापसाच्या शेतावर राबणाऱ्या कुळाच्या घरची ही पोरे, मऊ आवाजात जोडीने गाणारी. रेबन चार तारांची टेनर गिटार वाजवी, आल्टन सहा तारांची. तिसाच्या दशकात त्यांचे गाणे शांत, किंचित उदास असे. युद्ध संपता संपता किंग कंपनीचा धनी सिड नेथन, जो गोऱ्यांची खेडवळ गाणी आणि कृष्णवर्णीयांची गाणी एकाच छताखाली मुद्रित करून दोन्ही पेठांत विकत असे, त्याच्या हाताखाली हे भाऊ आले आणि त्यांचे गाणे वेगाने धावू लागले. १९४६ पासून त्यांच्या मेळात वेन रेनी आला, आणि लॉनी ग्लॉसनही. दोघेही आर्कान्सा राज्याचे. ग्लॉसन १९०८ चा, रेनी १९२१ चा. दोन माउथ ऑर्गन एकत्र वाजू लागले की एक ठोका धरी व दुसरा सूर वाकवी, आणि खाली दोन गिटारी बारा मापांचा रहाट फिरवीत राहत. हा मेळ ढोलाशिवायही नाचवी, हे त्याचे वैशिष्ट्य. पुढे या भावांनी ‘पॅन अमेरिकन बूगी’ही काढले, बेलीच्या गाडीस अशा रीतीने बूगीचे डबे लागले. १९४९ च्या ‘ब्लूज स्टे अवे फ्रॉम मी’ या त्यांच्या सर्वांत गाजलेल्या गाण्याच्या मालकीत डेलमोर बंधू आणि रेनी यांच्या जोडीस हेन्री ग्लोव्हर हे नाव आहे, आणि हा ग्लोव्हर म्हणजे किंग कंपनीचा कृष्णवर्णीय संगीतव्यवस्थापक. कंट्री संगीत ही निर्भेळ गोऱ्यांची मिरास आहे असे मानणाऱ्यांना हा एक दाखला पुरेसा व्हावा.

रेनी आणि ग्लॉसन यांचा दुसरा पराक्रम व्यापारी स्वरूपाचा आहे, आणि तो मला संगीताच्या दृष्टीनेही कमी महत्त्वाचा वाटत नाही. सिनसिनाटीच्या डब्ल्यू-सी-के-वाय या पन्नास हजार वॉटच्या नभोवाणी केंद्रावरून रात्रीच्या वेळी ते वाजवीत, आणि वाजवून झाले की टपालाने माउथ ऑर्गन व तो शिकण्याच्या सूचना मागवण्याचे आवाहन करीत. रात्री त्या लहरी दूरदूरच्या शेतवस्त्यांपर्यंत पोहोचत. लाखोंच्या संख्येने वाद्ये अशी खपली. त्यामुळे क्रॉस चाल ही कोणा उस्तादाची गुप्त विद्या न राहता गावोगावच्या पोरांच्या तोंडी बसली. आणि ज्या संगीतास वादकांचा एवढा मोठा भरणा मिळतो, त्याची लय लोकांच्या अंगात उतरण्यास वेळ लागत नाही. रेनीचे स्वतःचे गाणे १९४९ साली कंट्रीच्या यादीत अव्वल क्रमांकावर गेले. पुढे याच माणसाने रॉक अँड रोलवर टीका करणारे भक्तिगीत लिहिले, तेव्हा आपल्याच नातवावर फिर्याद ठोकणाऱ्या आजोबांची मौज मला वाटली.

सरकारदरबारी, निदान संगीताच्या दरबारी, या वाद्याची कैफियत मात्र कोणी ऐकून घेत नव्हते. अमेरिकेतील वादकांच्या संघाने १ ऑगस्ट १९४२ पासून तबकड्यांचे मुद्रण बंद पाडले. तो संप दोन वर्षांहून अधिक चालला. संघाच्या सभासदांना मुद्रण वर्ज्य होते, परंतु माउथ ऑर्गन हे वाद्यच नव्हे असे संघाचे मत असल्याने त्याच्या वादकांना ही आज्ञा लागू नव्हती! १९४७ साली हार्मोनिकॅट्स नावाच्या त्रयीची ‘पेग ओ माय हार्ट’ ही तबकडी देशभर गाजली, तेव्हा कुठे संघाने आपले मत मागे घेतले व १९४८ साली या वाद्यास वाद्य म्हणून मंजुरी दिली. आकाशवाणीची पेटीवरील बंदी आणि ही उपेक्षा एकाच दशकातल्या. पत्तीच्या कुळावर त्या वेळी दोन्ही गोलार्धांत ग्रह वक्री होते असे दिसते.

आता आपल्याकडे वळू. मुंबईस अमेरिकन लयीचे आगमन झाले ते खेड्यांतल्या गुत्त्यांतून नव्हे, तर ताजमहाल हॉटेलच्या नृत्यशाळेतून. लिऑन अ‍ॅबीचा कृष्णवर्णीय वाद्यवृंद १९३५ साली तिथे आला, त्यामागून क्रिकेट स्मिथ आला. पियानोवादक टेडी वेदरफर्ड तर हिंदुस्थानातच राहिला आणि १९४५ साली कलकत्त्यास वारला. त्यांच्या संगतीत तयार झाले ते गोव्याचे वादक. चर्चच्या शाळेत लहानपणीच स्वरलेखन वाचण्यास शिकलेले, पोर्तुगीज अमलाखालच्या गावांतून पोटासाठी मुंबईस आलेले हे लोक रात्री हॉटेलात जॅझ वाजवीत आणि दिवसा चित्रपटांच्या मुद्रणगृहात. हळदोण्याचा अँटोनियो झेवियर वाझ, जो चिक चॉकलेट या नावाने ट्रम्पेट वाजवी आणि ज्यास हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत, तो याच वाटेने चितळकरांचा सहायक झाला.

चितळकरांची स्वतःची घडण ध्यानी घेतली पाहिजे. १९१८ सालचा जन्म. पुण्याच्या गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धनांकडे शिक्षण, नागपुरास शंकरराव सप्र्यांकडे तालीम. नट व्हावे म्हणून चित्रपटात आले, आणि सोहराब मोदींच्या मिनर्व्हात पेटीची साथ करीत करीत संगीत-दिग्दर्शक झाले. म्हणजे माउथ ऑर्गनला बोलपटाच्या गाण्यात मानाने बसवणारा हा गृहस्थ मूळचा पेटीवाला! ‘शहनाई’नंतर १९४९ चा ‘पतंगा’ आला व त्यातील रंगूनच्या टेलिफोनचे गाणे घरोघर पोहोचले, १९५० च्या ‘समाधी’त एका लॅटिन अमेरिकी ढंगाच्या इंग्रजी गाण्याची चाल त्यांनी उचलली, १९५१ च्या ‘अलबेला’त भगवानदादांना नाचवताना बोंगो, ओबो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन असा सगळा फड जमवला, आणि चिक चॉकलेट व त्याचे सोबती पडद्यावरही दिसले, १९५७ च्या ‘आशा’त तर ‘ईना मीना डीका’सारखी निरर्थक अक्षरे रॉक अँड रोलच्या ठेक्यावर उधळली. मराठी लग्नांच्या बँडवाल्यांनी हा सारा ऐवज पुढे वर्षानुवर्षे वाजवला. परकी चाल उचलली म्हणून चितळकरांवर नाके मुरडणारे तेव्हाही होते. ‘ऐ मेरे वतन के लोगो’ १९६३ साली याच माणसाने बांधले, हे त्यांच्या गावी नसावे, किंवा असूनही सोईस्कर विसरले गेले असावे.

पण या फडात माउथ ऑर्गनचे काम काय? येथेच मूळ प्रश्नाचे उत्तर सापडते असे मला वाटते. चितळकरांच्या मेळात बूगीचा आठ आघातांचा भार पियानो, डबल बेस, गिटार आणि ड्रम यांनी वाहिला, कारण ते वाजवणारे गोवेकर लिखित स्वर समोर ठेवून, हवा तितका वेळ, न चुकता तो फेरा फिरवू शकत होते. सूर वाकवण्याचे काम ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट करीत होते. डेलमोर बंधूंपाशी असा फौजफाटा नव्हता. त्यांच्याकडे दोन गिटारी आणि दोन श्वास, म्हणून श्वासाला गाडी ओढावी लागली. मुंबईच्या मुद्रणगृहात वादकांची ददात नव्हती, त्यामुळे माउथ ऑर्गनच्या वाट्यास रंग भरण्याची कामगिरी आली, भार वाहण्याची आलीच नाही. गरजेने माणूस घडतो तसे वाद्यही घडते. इथे ती गरज पडली नाही.

दुसरे कारण बाजारपेठेचे. आपल्याकडे जे माउथ ऑर्गन पोरांच्या हाती पडत, आणि पुढे चिनी बनावटीचे ‘टॉवर’सारखे जे नग घरोघर दिसू लागले, ते बहुतांशी चोवीस घरांचे ट्रेमोलो जातीचे. यात एका स्वरास दोन पत्त्या असतात, एकमेकींपासून किंचित उतरलेल्या, त्यामुळे सूर थरथरतो व गोड लागतो. परंतु प्रत्येक पत्तीस स्वतंत्र खण असल्याने फुंकीची आणि ओढीची पत्ती यांची ती झटापट होत नाही आणि सूर वाकत नाही. चित्रपटांच्या वाद्यवृंदात जो क्रोमॅटिक नमुना मान्यता पावला, त्यास बाजूस कळ असते. ती दाबली की अर्धा स्वर चढतो, बाराही स्वर मिळतात, कोणत्याही पट्टीतले गाणे वाजवता येते, मात्र मरीन बँडची ती रांगडी ओढ त्यात उतरत नाही. दहा घरांचा साधा नमुना, ज्यात सारे रहस्य होते, तो इथे मागे पडला. आणि रात्री नभोवाणीवरून क्रॉस चालीचे पाठ देणारा कोणी ग्लॉसनही आपल्याला लाभला नाही. आकाशवाणी तर पेटीलाच दाराबाहेर उभे करून होती.

म्हणून या वाद्याने आपल्याकडे वेगळे चरित्र पत्करले. १९५८ च्या ‘सोलवा साल’मध्ये सचिनदेव बर्मन यांच्या चालीवर त्यांच्या तरुण मुलाने, राहुलदेवाने, वाजवलेला माउथ ऑर्गन आगगाडीच्या डब्यातल्या छेडाछेडीचा आहे, लय आहे, पण ती गाडीची, वाद्याची नव्हे. १९६४ च्या ‘दोस्ती’त लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्यासाठी त्याच राहुलदेवाने वाजवलेला सूर पडद्यावरील अपंग मुलाच्या हाती दिला गेला, आणि तेव्हापासून माउथ ऑर्गन म्हणजे निराधाराचा सोबती हे समीकरण हिंदी चित्रपटात पक्के झाले. १९७५ च्या ‘शोले’त जयच्या ओठांवरचा तो संध्याकाळचा सूर भानू गुप्ता यांचा, तिथे तर ठोक्याचा मागमूसही नाही, केवळ एक लांबलेली ओळ आणि समोरच्या हवेलीत दिवे मालवणारी विधवा. राहुलदेवासारख्या लयीच्या वेड्या संगीतकारालाही या वाद्याकडून लय मागावीशी वाटली नाही, ही मला या साऱ्या प्रकरणातली सर्वांत विचार करण्यासारखी गोष्ट वाटते.

अमेरिकेतही ते दिवस फार टिकले नाहीत. रेबन डेलमोर १९५२ च्या डिसेंबरात कर्करोगाने गेला आणि तो मेळ संपला. त्याच वर्षी शिकागोत लिटल वॉल्टरने माउथ ऑर्गन ध्वनिवर्धकास जोडून ‘जूक’ मुद्रित केले व वाद्याचे भाग्य ब्लूजकडे वळले. १९५४ नंतर बूगीच्या पोटी आलेल्या रॉकाबिलीने गिटार ठेवली, बेस ठेवला, माउथ ऑर्गन वगळला. कंट्री बूगीतील त्याचे राज्य अवघे सहा-सात वर्षांचे.

ज्यांना हा मामला स्वतःच्या कानांनी पडताळून पाहावयाचा असेल त्यांनी आधी बेलीची ‘पॅन अमेरिकन ब्लूज’ ऐकावी, लगोलग डेलमोरांची ‘फ्रेट ट्रेन बूगी’, आणि मग ‘शहनाई’तले ते ‘आना मेरी जान’. पहिल्या दोहोंत गाण्याकडे लक्ष न देता वादक श्वास केव्हा आत घेतो तेवढेच टिपत जावे. तिसऱ्यात आठ आघात कोणते वाद्य वाहते आहे ते शोधावे. त्यानंतर दहा घरांचा सी सुराचा नग मिळवून तिसरे घर ओढावे आणि गंधार कोमल होतो का ते पाहावे. पहिल्या प्रयत्नात तो बहुधा होत नाही. जीभ जरा आणखी मागे घ्यावी लागते.